स्विचपाशी उभे असायचात तुम्ही

कार्तिए मिलितेर
ऑगस्टमधला एक रविवार

बाबा, साष्टांग नमस्कार.

आज नेहमीसारखी डायरी लिहायला बसले होते. एक ओळ लिहिली, "जुना शोफो काल काढला", आणि पेन पुढे सरकेना. डायरीला सगळं सांगता येतं, पण जाब विचारता येत नाही. मला तुम्हाला जाब विचारायचा आहे, बाबा. तुम्ही असताना मी कधी तसा विचारला नाही. आता उत्तर येणार नाही हे ठाऊक असून विचारते आहे.

तुम्हाला माहीत होतं ना?

थांबा, सुरुवातीपासून सांगते. अर्धवट सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "शालू, आधी कर्ता आण, मग क्रियापद."

विजेचं बिल हल्ली फार येतं. तेल महाग झालं तसं सगळंच महाग झालं. रेडिओवर रोज वीज वाचवा, वीज वाचवा चालतं. आपल्या घरात सगळ्यात जास्त वीज खाणारी वस्तू एकच: न्हाणीघरातली ती पांढरी लोखंडी टाकी. पुण्याला शिकत होते तेव्हा मैत्रिणी तिला गिझर म्हणायच्या. आपण सगळ्या बेटासारखं शोफो म्हणतो. मी ठरवलं, तो काढायचा आणि छतावर उन्हाचा शोफो बसवायचा. काळ्या रंगाची, काच लावलेली पेटी, वर पाण्याची टाकी. वीज नाही, मोटर नाही. पाणी तापलं की आपोआप वर चढतं.

आई हसली. "कार्तिए मिलितेरात ऊन? शालू, इथं कपडे वाळायला रविवारपासून शनिवार लागतो!"

तिचं खरंच आहे. पावसाच्या दिवशी पाणी कोमट राहील आणि तेव्हा गॅसवर पातेलं ठेवावं लागेल, हे मी आधीच कबूल केलं. खोटं आश्वासन द्यायला मला जमत नाही, तुम्हीच तशी वाढवलीत. पण उरलेले दिवस तरी वाचतील ना?

तर ठरलं. आणि बसवणार कोण? विचारायचंच नाही. आतोबा! गंगूआत्याचे यजमान, आपल्या घराचे जावई. पंचाहत्तरच्या सिक्लोनमध्ये, त्या वादळात, आपलं पत्र्याचं घर गेलं आणि तुम्ही हे सिमेंटचं बांधलंत, तेव्हा पाण्याचा प्रत्येक पाइप आणि विजेची प्रत्येक तार त्यांनीच घातली होती. मजुरी घेतली नव्हती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधले फिटर, हाताला काम लागलं की गाणी म्हणायचे. आता निवृत्त झालेत, गुडघे दुखतात, तरी निरोप मिळताच कांप दे मास्कहून पहिल्या बसने आले. छतावर चढले, सगळं मापून घेतलं, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "आणि जुना शोफो? तो चांगला आहे गो. विलासकडे बसवतो मी. तिकडे बाळाला गरम पाणी लागतं ना?"

मला ते इतकं आवडलं! तुमचा लेक आता प्लेन दे पपायला भाड्याच्या घरात राहतो. बाळ अजून लहान आहे, तुमची सून रेखा चुलीवर पाणी तापवते. मी त्याच संध्याकाळी विलासला फोनवर सांगून टाकलं. तो म्हणाला, शनिवारी मित्राचा ट्रक घेऊन येतो.

आईने ते ऐकलं आणि तिच्या हातातलं भाजीचं टोपलं खाली ठेवलं.

"तो शोफो तिकडं जायचा नाय."

"का?"

"नाय म्हटलं ना."

बाबा, मला वाटलं, तुमची आठवण म्हणून ती अडून बसली आहे. तुम्ही गेल्यावर तुमचा जुना कोटसुद्धा तिने कुणाला दिला नाही. मी समजूत घालायला गेले. मग चिडले. म्हटलं, "आई, लोखंडाच्या टाकीत बाबा नाहीत!" मग ती दोन दिवस माझ्याशी फक्त "जेव" आणि "दार लाव" एवढंच बोलली.

गुरुवारी मी ऑफिसातून आल्यावर आम्ही दोघी ओट्यावर ब्रेदची पालेभाजी निवडत बसलो होतो. बाहेर पाऊस. जुड्या सोडून पानं खुडता खुडता, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं.

नवीन घरात आल्यावर पहिल्याच थंडीत तुम्ही न्हायला गेलात, ओल्या हाताने नळ धरलात आणि हात सुटेना. तुम्ही ओरडलात, पण शब्द फुटेना. आईने बाहेरून स्विच बंद केला म्हणून वाचलात. मी तेव्हा पुण्याला होते, विलास शाळेत. त्या दिवशी तुम्ही पोस्टात गेला नाहीत, खाटेवर बसून राहिलात. आणि संध्याकाळी आईला म्हणालात, "मुलांना सांगायचं नाही. घाबरतील. नियम करू."

तो नियम! बाबा, तो नियम!

शोफोचा स्विच दाराबाहेर. पाणी तापलं की तांबडा दिवा विझतो. मग तुम्ही स्विच बंद करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बंद!" आतल्याने म्हणायचं, "ऐकलं!" मगच नळाला हात लावायचा. ऐकलं म्हटलं नाही तर तुम्ही दार ठोठावायचात. थंडीत सकाळी, अंगात तो कोट, एक हात स्विचवर, सगळ्यांची आंघोळ होईस्तोवर तुम्ही तिथे उभे. तुमची पोस्टात जायची बस निघून जायची. दुसऱ्या कुणाला तिथे उभं राहू द्यायचा नाहीत; तुम्ही गेल्यावर ते काम आईने घेतलं.

आम्ही काय समजायचो? तुम्ही वीज वाचवता! सगळं कार्तिए मिलितेर हसायचं. आणि सगळ्यात जास्त कोण? आतोबा. दर गणपतीला, आरती झाली, मोदक वाटले की पाहुण्यांच्या मधोमध उभे राहून तुमची नक्कल करायचे. एक हात भिंतीवर, मान ताठ. "बंऽऽद!" आणि सगळी पोरं एका सुरात, "ऐकलंऽऽ!" "आमचे दादा तर देवाचं निरांजनसुद्धा फुंकून ठेवतील, कुरांचं बिल वाचेल म्हणून!" तुम्ही सगळ्यांबरोबर हसायचात. मोदकाचं ताट आधी त्यांच्याच पुढे करायचात.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात, इस्पितळात, तुम्ही मला विचारलंत, "स्विचपाशी कोण उभं राहतं?" मी नर्सकडे बघून हसले. म्हटलं, अशा वेळीही बिलाची काळजी! तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. काही बोलायचं होतं का तुम्हाला? तेव्हाच सांगून टाकलं असतंत तर?

मी आईला विचारलं, "दुसरा इलेक्ट्रिशियन का नाही आणला?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली जसं काही मी पुण्याहून कालच उतरले. "जावयाच्या कामावर दुसरा माणूस लावायचा?"

मग तिने भिंतीची गोष्ट सांगितली. ती मला अर्धीच ठाऊक होती. आजोबांच्या घरी आतोबांनी स्वयंपाकघराची एक भिंत बांधली. आजोबा चार माणसांत म्हणाले, भिंत वाकडी आहे. एवढंच. आतोबा जेवणावरून उठले, आणि पुढे दोन गणपतींना आत्या माहेरी आली नाही. एकदा ती आजारी असल्याचं आपल्याला परक्या माणसाकडून कळलं. तुम्ही ती भिंत विसरला नाहीत. बहीण त्यांच्या घरात नांदते, तिथे तिला झळ लागू नये म्हणून आपल्या घरात तुम्ही... काय म्हणू? तुम्ही आमच्या आणि त्या तारेच्या मध्ये उभे राहिलात. पण तार तशीच ठेवलीत!

हे प्रेम होतं की भीती, बाबा? मी तीन दिवस हाच प्रश्न घेऊन फिरते आहे. ऑफिसात फायली समोर ठेवून हाच. आणि दुसरा एक: तुम्ही एखाद्या सकाळी तापाने झोपून राहिला असतात तर? विलास घाईत "ऐकलं" न म्हणता आत शिरला असता तर? तुम्ही रोज एवढा मोठा जुगार खेळत होतात आणि आम्ही अंगाला साबण लावत गाणी म्हणत होतो!

पण गुरुवारी मला प्रश्नांपेक्षा शनिवारची काळजी होती. विलास ट्रक घेऊन येणार. आतोबा तो शोफो प्लेन दे पपायला आपल्याच हातांनी बसवणार, जसा इथे बसवला तसाच. आणि तिथे रेखा, एका हातावर बाळ, दुसऱ्या हाताने नळ...

"विलासला सांगते," मी म्हटलं.

"विलास त्यांना सांगेल. त्याच्या पोटात काय राहतं?" आई म्हणाली. "तू सांग, टाकी गंजली."

मी खोटं बोलायचं ठरवलं. शुक्रवारी फोन करून आतोबांना म्हटलं, टाकी आतून गंजली आहे, विलासला नको.

"गंजली? आयो! कोण म्हणतं? चांगली टाकी आहे ती! आणि गंजली तर मी वेल्ड करीन. तू ऑफिसात बस, शालू, लोखंडाचं मला सांगू नको."

काल सकाळी ते आले. विलास यायला उशीर होता. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, आधी छतावरचं काम बघू. ते म्हणाले, थांब, आधी तुझी गंजलेली टाकी बघतो. न्हाणीघरात गेले. मी मागोमाग. बाहेर पाऊस येऊन गेला होता, त्यांची चप्पल ओली, फरशी ओली. स्विच त्यांनी जाता जाताच चालू केला होता. तांबडा दिवा लागलेला.

"बघ, कसा मस्त दिवा लागतो! आता पाणी सोडतो. एक थेंब तांबडं आलं तर मिशी उतरवीन."

आणि त्यांनी हात नळाकडे नेला.

"हात लावू नका!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ते दचकले, हात हवेतच राहिला. आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून आईचा आवाज आला. म्हातारी बाई कुठून धावत आली कोण जाणे. खाटकन स्विच पडला.

"बंद!"

बाबा, तो तुमचा आवाज होता. अगदी तुमचा. ताठ, मोठा.

कुणी "ऐकलं" म्हटलं नाही.

आतोबा वळले. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते हुशार आहेत, बाबा. आयुष्यभर यंत्रांमध्ये राहिलेला माणूस. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टाकीखालचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिले. मग बोटाने एक हिरवी तार बाहेर ओढली. छोटीशी, नीट गुंडाळलेली, कुठेच न जोडलेली.

"ही मीच गुंडाळली," ते म्हणाले. "जमिनीची तार, अर्थिंगची. तेव्हा म्हटलं, कोण खड्डा खणतंय हिच्यासाठी. कारखान्यात सगळे असंच करायचे."

मग ते स्टुलावर बसले. त्यांच्या हातात ती तार तशीच.

"दादाला ठाऊक होतं?"

आई दारातून लगेच म्हणाली, "नाय हो. त्यांना काय कळतं त्यातलं? पोस्टातला माणूस."

आता माझी पाळी होती. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचं सगळं नाव, तुम्ही गिळलेलं हसू, आत्याची दोन वर्षं, सगळं त्या "नाय"मध्ये होतं. मी गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आतोबा घरी गेले असते, रात्री आत्याला म्हणाले असते, नशीब कुणाला काही झालं नाही. सगळं गोड.

पण मग मला वाटलं, म्हणजे आता स्विचपाशी मी उभं राहायचं? आयुष्यभर?

"ठाऊक होतं, आतोबा," मी म्हटलं. "पहिल्याच थंडीत त्यांना धक्का बसला होता. म्हणून तो नियम. वीज वाचवायला नव्हता."

आईने पदर तोंडाला लावला.

आतोबा ती तार बोटाभोवती गुंडाळत राहिले. पागोळ्यांचा आवाज ऐकू येत होता. मग हळूच म्हणाले, "मी दर गणपतीला त्याची नक्कल केली."

"हो."

"तो हसायचा."

"हो."

मला वाटलं ते रडतील. मी पुढे झाले. पण बाबा, ते रडले नाहीत. ते संतापले. उठून उभे राहिले तसा स्टूल पडला.

"मग मला सांगितलं का नाय? आं? माझ्या हातून इथं कुणी मेलं असतं तर? वहिनी, तुम्ही मेला असतात तर? ही पोर? मी आल्या आल्या एका दुपारात दुरुस्त केलं असतं! एका दुपारात! भिंतीला वाकडी म्हटलं तेव्हा मी पोरगा होतो, तेवीस वर्षांचा गाढव. एवढी वर्षं तो मला तेवढाच गाढव समजला?" त्यांनी ती तार भिंतीवर आपटली. "मोदक द्यायचा. पहिला मोदक मला. बोंज्ये, देवा! मला जावई समजला. माणूस नाय समजला."

बाबा, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? तुम्ही त्यांना मान दिलात असं आम्ही सगळे समजत होतो, तुम्हीही समजत होतात. आणि तो माणूस काल न्हाणीघरात उभा राहून सांगत होता की एवढा अपमान त्याचा कुणी केला नव्हता. चूक सांगितल्याने तो दुखावला असता, हे खरं. दुखावून मग बरा झाला असता की नाही, हे तुम्ही कधी बघितलंच नाहीत.

आई मध्ये पडली. ती एवढंच म्हणाली, "त्यांना गंगूसाठी भीती वाटायची, भाऊजी." आतोबा एकदम थांबले. मग हात धुवायला म्हणून मागीलदारी गेले आणि खूप वेळ आले नाहीत. मी खिडकीतून बघितलं नाही. बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही.

विलास ट्रक घेऊन आला तेव्हा आतोबा अंगणात होते. जुना शोफो त्यांनी एकट्याने खाली उतरवला होता, आणि मोठी छिन्नी घेऊन टाकीला भोकं पाडत होते. एकेक घाव, शांतपणे. विलास ओरडला, "आतोबा, हे काय? तो मला हवा होता!"

"आता कुणालाच मिळायचा नाय," ते म्हणाले. "तुझ्याकडे पण उन्हाचाच बसवू. तिकडे प्लेन दे पपायला ऊन फुकट पडतं." आणि मग त्यांनीच विलासला सगळं सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, काही न गाळता. "चूक माझी, बाबा तुझा तिच्यावर पहारा देत उभा राहिला." मी सांगायची गरजच पडली नाही.

दिवसभर छतावर काम चाललं. पाइपचं काम म्हणजे त्यांचा हातखंडा. पेटी सिक्लोनमध्ये उडू नये म्हणून लोखंडी पट्ट्यांनी छतात जखडली. प्रत्येक जोडाला मला हाक मारायचे. "शालू, बघ. तूही बघ, विलास. नीट बघा आणि चुकलं असेल तर तोंडावर सांगा." एका जोडाला पाणी झिरपत होतं. मी जरा घुटमळले. मग म्हटलं, "आतोबा, इथे गळतंय." त्यांनी वाकून पाहिलं. "गळतंय," म्हणाले आणि पुन्हा घट्ट केलं. जग बुडालं नाही, बाबा.

आज सकाळी ऊन होतं, खरंच! दुपारपर्यंत वरची टाकी हाताला चटका देण्याइतकी तापली. आतोबा रात्री इथेच राहिले होते. पहिली आंघोळ आईने करावी असं सगळ्यांचं म्हणणं. ती म्हणाली, "आधी शालू. मला अजून विश्वास नाय." म्हणून मी आत गेले. दार लावलं. नळासमोर उभी राहिले, आणि हात पुढे जाईना! वीज नाही, तार नाही, काहीच नाही, हे मला सगळं कळतं. तरी हात जाईना.

तेवढ्यात बाहेरून, जिथे तो स्विच होता आणि आता भिंतीत नुसतं बुजवलेलं भोक आहे तिथून, आईचा आवाज आला. सवयीने.

"बंद!"

मला उत्तर देता आलं नाही. मग अंगणातून, काल छिन्नीचं काम चाललं होतं तिथून, आतोबांचा आवाज आला. नक्कल नव्हती, कुणी हसलं नाही.

"ऐकलं."

मी नळ सोडला. पाणी गरम होतं, बाबा.

आता मी तुम्हाला एक वचन देते. तुम्ही ते मागितलं नाहीत, कदाचित आवडणारही नाही. या घरात इथून पुढे नियम असेल तर तो कारणासकट असेल. कुणाचा मान राखायचा असेल तर त्याला खरं सांगून राखीन, न सांगता नाही. आणि विलासची मुलगी मोठी होऊन विचारील, आजी न्हाणीघरापाशी अजून "बंद" का म्हणते, तेव्हा मी तिला सगळं सांगेन. थंडीतला कोट, चुकलेली बस, स्विचवरचा हात, तेही सांगेन, आणि ती तार तुम्ही तशीच का ठेवलीत तेही. दोन्ही. एक गाळून दुसरं सांगणार नाही.

रागावला असाल तर रागवा. पण आता तिथून बाजूला व्हा, बाबा. तिथे उभं राहायची गरज उरली नाही. बस निघायच्या आत निघा.

तुमची,
शालू